राईनपाडा आणि पुढे पाठवलेला मजकूर

१ जुलै २०१८, रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात (ता. साक्री) भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ‘मुलं पळवणारी टोळी’ समजून ठार मारलं. ही माणसं सोलापूर जिल्ह्यातली. पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव फिरणारी. पोटासाठीची ही भटकंतीच संशयाचं कारण ठरली, हे फार क्लेशदायक आहे. त्याच रात्री मालेगावात मात्र पोलिसांनी अशाच जमावातून एका कुटुंबाला वाचवलं.

मुलं पळवण्याच्या अशा अफवांसोबत त्या काळात व्हॉट्सॲपवरून देशभर फिरलेली एक चित्रफीत मुळात कराचीतली, बालसुरक्षेविषयी जागृती करणारी होती. मूल परत आणून सोडल्याचा शेवट कापून ती अपहरणाचा पुरावा म्हणून पसरवली गेली.

राईनपाड्याच्या घटनेनंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने पुढे पाठवलेल्या संदेशांवर ‘फॉरवर्डेड’ची खूण आणली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. १७ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने जमावहिंसा रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात वरिष्ठ पोलीस अधिकारी समन्वयक म्हणून नेमण्याचे आदेश दिले.