एसी २० वर, तरी घाम का?
दुबई-शारजात एसी २० वर ठेवूनही मध्यरात्री पांघरूण चिकट लागतं? मग चादरीचं लेबल वाचा. झोप लागताना शरीराचं आतलं तापमान किंचित उतरतं. ती उष्णता आणि ओलावा त्वचेवाटे बाहेर पडतो. २० अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रतेत १०० ग्रॅम कोरडा कापूस सुमारे ८ ग्रॅम बाष्प धरून ठेवतो. पॉलिएस्टर जेमतेम ०.४ ग्रॅम. 'मायक्रोफायबर' म्हणजे बहुधा पॉलिएस्टरच. त्यामुळे घाम अंगालाच राहतो. मोठा थ्रेड काउंटही फसवा: दाट विणीतून हवा कमी खेळते. भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर सुतीच असते. आईने बॅगेत कोंबलेली ती चादर आज कपाटातून काढा आणि एसी दोन अंशांनी वाढवून बघा. झोपही सुधारेल, बिलही उतरेल.