उलट्या डोंगराची चढण

जुलै जवळ आला की आपल्याकडच्या ट्रेकर मंडळींच्या तोंडी काश्मीरची तळी येतात. विशनसर, किशनसर, गडसर, गंगाबल. हिमनद्यांनी खडक खरवडून केलेल्या खळग्यांतलं ते निळं पाणी बघायचं तर चार हजार मीटरांवरची खिंड ओलांडावी लागते, आणि त्यासाठी पुण्या-मुंबईची माणसं वर्षभर टेकड्या चढून दम वाढवतात. बुलढाणा जिल्ह्यात ना हिमनदी, ना खिंड. पण पायांची परीक्षा घेणारं एक तळं इथेही आहे. फरक एवढाच, की लोणारला डोंगर उलटा आहे: आधी उतार, मग चढ. तरीही बहुतेक पर्यटक काठावर उभे राहून फोटो काढतात आणि संध्याकाळच्या आत शेगाव गाठतात. काठावरून दिसतं ते लोणारचं चित्र. लोणार कळायला खाली जावं लागतं.

हे तळं ज्या विवरात आहे त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, काठ भोवतालच्या शेतांपेक्षा वीसेक मीटर उंच, आणि काठापासून पाण्यापर्यंतची उतरण साधारण १३५ मीटर. आकडा ऐकून हसू येईल, कारण सिंहगड चढणाऱ्याला हे काहीच नाही. पण सुटी चुरी, पायाखाली घसरणारे काळे दगड आणि वारा अडवणारी वाटीसारखी कड यांमुळे परतीची वाट भलतीच लांब वाटते. मे महिन्याच्या दुपारी तर तिथे उतरूच नये.

'धार' नावाच्या झऱ्यापासून निघालं की पहिली सोबत गोड्या पाण्याची. गोमुखातून बारमाही पडणाऱ्या या धारेवर लोक आंघोळी करतात, बाटल्या भरून घेतात. खाली सागाचं, कडुनिंबाचं, बाभळीचं रान लागतं. माकडं आणि मोर नक्की भेटतात. वाटेत थांबून कडेचा खडक जरूर पाहावा. दख्खनच्या लाव्हाचे पाच-सहा थर इथे एकावर एक उघडे पडलेत, मधे कुठे लाल मातीचा पट्टा, कुठे पांढऱ्या खड्यांनी भरलेली भोकं. सह्याद्रीत असेच थर आडवे, पुस्तकाच्या पानांसारखे रचलेले दिसतात. इथे काठाजवळ ते बाहेरच्या बाजूला उलथलेत. आघाताने जमीन उचकटली गेली, त्याची ही खूण.

हा आघात उल्केचा, हे मान्य व्हायला मात्र बराच काळ गेला. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली; पुढे दीर्घकाळ ज्वालामुखीचं मुख म्हणूनच ती ओळखली गेली. १९७०च्या दशकात प्रचंड दाबाखाली काचेसारखे झालेले खनिजांचे कण विवरात सापडले आणि वाद मिटला. वयाचा प्रश्न त्याहून चिवट. अनेक पुस्तकांत अजून बावन्न हजार वर्षं छापलेली असतात. २०१० च्या सुमारास आर्गॉन पद्धतीने मोजल्यावर ते सुमारे ५ लाख ७० हजारांवर गेलं. काळ्या पाषाणातलं इतकं सुबक आघात-विवर पृथ्वीवर विरळाच, म्हणून चंद्र-मंगळाचे अभ्यासक इथे दगड वेचायला येतात.

तळाशी पोचलं की आधी वास येतो, सडक्या अंड्याचा. काठचा चिखल वरून पांढरा, आत काळा, आणि पाय ठेवला की घोट्यापर्यंत ओढून घेणारा. पाण्याचा पीएच साधारण दहाच्या आसपास. इथले वाटाडे एक छोटा खेळ करून दाखवतात: हळद लावलेला कागद तळ्यात बुडवायचा, तो लालबुंद होतो. हळदीला खार लागला की कुंकवाचा रंग येतो, हे आपल्या आज्यांना माहीत होतंच. याच खारावर एके काळी लोणारची ओळख होती. दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशा त्याच्या जाती होत्या. साबण, काच, रंगकाम यांसाठी तो वापरला जाई. आपण कॅमेरा घेऊन धापा टाकतो ती चढण तेव्हाची माणसं खाराचं ओझं घेऊन चढत असणार.

पाण्याजवळ कमळजादेवीचं देऊळ आहे, नवरात्रात तिथे जत्रा भरते. जवळच्या सासू-सुनेच्या विहिरीचं पाणी एका अंगाला गोड, दुसऱ्या अंगाला खारट असल्याचं सांगतात. अलीकडच्या काही पावसाळ्यांत तळ्याची पातळी वाढून पाणी देवळाला भिडू लागलंय. त्यामुळे तळ्याला पायी वळसा घालायचा बेत आखणाऱ्याने आधी चौकशी करावी. याउलट जून २०२० मध्ये पाणी आटून क्षार वाढले आणि तळं गुलाबी झालं. टाळेबंदीमुळे बघायला कोणी जाऊ शकत नव्हतं, फोटो मात्र जगभर गेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने कारण शोधलं: खारट पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव. पाऊस पडला, रंग ओसरला. त्याच वर्षी लोणारला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

वर आल्यावर लगेच गाडीत बसू नये. काठाचा घेर गणिताने पावणेसहा किलोमीटरच्या आसपास भरतो, आणि माझ्या मते खरी पायपीट हीच. सूर्य चढतो तसं तळं हिरव्याचं करडं, करड्याचं रुपेरी होत जातं. गावात दैत्यसूदनाचं कोरीव देऊळ, बाजूला छोटं अंबर तळं आणि तिथला निजलेला मोठा मारुती, हेही पायीच उरकता येतं.

जिल्ह्यात रानवाटा आणखी आहेत. उत्तरेला सातपुड्यात अंबाबरवा आणि मैलगड, बुलढाण्याजवळ अजिंठ्याच्या रांगेत ज्ञानगंगा. पण ज्ञानगंगेच्या बाबतीत माणसांनी फुशारकी मारू नये. यवतमाळच्या टिपेश्वरमधून निघालेला कॉलर लावलेला एक तरुण वाघ २०१९ मध्ये सुमारे १,३०० किलोमीटर चालून, तेलंगणात शिरून-परतून, या अभयारण्यात येऊन राहिला. वनखात्याच्या कागदावर तो टी१सी१, वर्तमानपत्रांनी त्याला 'वॉकर' म्हटलं.

लोणारला जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. सकाळी उजाडताच उतरावं, ऊन तापायच्या आत वर यावं. पावसाळ्यात रान हिरवंगार असतं, पण वाट शेवाळते. चांगल्या पकडीचे बूट हवेत. अभयारण्य असल्याने वनखात्याचे नियम पाळावे लागतात, आणि पिण्याचं पाणी धारेवरच भरून घ्यावं.