विद्यापीठाची पंगत

दिल्लीस जाणारा महाराष्ट्रीय प्रवासी लाल किल्ला पाहतो, चांदणी चौकातील पराठ्यांच्या गल्लीत एखादा पराठा खातो आणि राजधानीची चव कळली अशा समाधानात परतीची गाडी धरतो. शहराच्या दक्षिणेस, अरवलीच्या खडकाळ माळावर वसलेल्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाकडे त्याची पावले सहसा वळत नाहीत. वास्तविक देशाची पंगत एके ठिकाणी पाहावयाची असेल, तर ती तेथे.

१९६९ मध्ये सुरू झालेल्या या विद्यापीठात वसतिगृहांना नद्यांची नावे आहेत. गंगा, झेलम, पेरियार यांच्या शेजारी गोदावरी, कोयना, चंद्रभागा आणि मांडवीही भेटतात. मागास जिल्ह्यांतील उमेदवारांना प्रवेशाच्या वेळी काही अधिक गुण देण्याची पद्धत येथे अनेक वर्षे होती. त्यामुळे बिहारच्या खेड्यातील, केरळातील आणि मणिपुरातील मुले एकाच बाकावर जेवावयास बसली. वसतिगृहाच्या मेसमधील राजमा-भात किंवा कढी म्हणजे काही पक्वान्न नव्हे. किंबहुना त्या जेवणाविषयी तक्रार करण्यात सर्व प्रांतांची एकी होते! रात्री गंगा ढाब्याजवळच्या खडकांवर बसून चहा-पराठ्याच्या साक्षीने वाद घालीत विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या घडल्या.

परंतु या पंगतीलाही अर्थशास्त्र आहे. मेसचा महिन्याचा खर्च नफा न घेता जेवणाऱ्यांत वाटला जावा आणि खोलीचे भाडे नाममात्र असावे, यावर ती उभी राहिली. २०१९ मध्ये एका खोलीचे भाडे २० रुपयांवरून ६०० रुपये करण्याचा आणि त्यावर दरमहा १,७०० रुपये सेवाशुल्क घेण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा विद्यार्थी रस्त्यावर उतरले. करदात्याच्या पैशावर हे लाड किती काळ चालवावयाचे, असा प्रश्न त्या वेळी अनेकांनी विचारला. तो गैरवाजवी नव्हे. २० रुपये भाडे हा काही सिद्धांत नाही.

खरा प्रश्न वाढ कोणावर पडते हा आहे. दारिद्र्यरेषेखालील विद्यार्थ्यांना सवलत देण्याचा तोडगा तेव्हा पुढे आला. वरवर तो न्याय्य दिसतो. पण रेषेच्या किंचित वर असलेल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या किंवा हंगामी कामगाराच्या मुलीने काय करावे? तिच्याजवळ दाखलाही नाही आणि पैसाही नाही. ती भांडण्यासाठी दिल्लीस येणार नाही. ती प्रवेशाचा अर्जच भरणार नाही. पंगतीतून उठविलेला माणूस दिसतो, न आलेला कोणाच्या मोजणीत येत नाही.

महाराष्ट्राला हे नव्याने सांगावयास नको. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढून सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीस बसविले. त्या मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. शाळेची फी माफ करून भागत नाही, मुलाच्या दोन वेळच्या जेवणाची सोय झाली तरच तो शिकतो, हा हिशेब त्या दांपत्याला पक्का ठाऊक होता.

विद्यापीठांच्या अंदाजपत्रकात मेसवरील खर्च शिक्षणाबाहेरचा मानला जातो. तो शिक्षणाचाच पहिला खर्च होय. पंक्तिभेद जातीच्या नावाने झाला काय किंवा मेसच्या बिलाने झाला काय, उपाशी राहणारे घर बहुधा तेच असते.