माशाच्या यकृतातील साक्ष

नृसिंहवाडीस पंचगंगेला पोटात घेऊन कृष्णा बेळगाव जिल्ह्यात उतरते आणि वेदगंगेचे पाणी सामावून निपाणी भागातून आलेली दूधगंगाही पुढे तिलाच मिळते. उन्हाळ्यात पंचगंगेवर मेलेल्या माशांचा खच तरंगू लागला की पंचनामे होतात, पाण्याचे नमुने जातात आणि काही दिवसांनी दप्तर मिटते. परंतु ते मरण बहुधा सांडपाण्याने पाण्यातील प्राणवायू संपल्याचे असते. कॅडमियम, शिसे, क्रोमियम या जड धातूंची रीत निराळी असून, ते माशाला जिवंत ठेवूनच आतून पोखरीत असल्यामुळे त्यांचा पंचनामा सहसा होतच नाही.

हे धातू मुलाम्याच्या कारखान्यांतून, रंगांतून, टाकाऊ बॅटऱ्यांतून येतात. आणि ऊस-तंबाखूच्या या मुलखात हेही सांगितले पाहिजे की, फॉस्फेटयुक्त खतांत मूळ खनिजाबरोबर कॅडमियमचा अल्प अंश येतो व रानातली माती वाहून जाताना तोही ओढ्याला लागतो. पाण्यात विरघळलेले कॅडमियम कल्ल्यांतील कॅल्शियमच्या वाटेने रक्तात शिरते. भक्ष्याबरोबर पोटात गेलेले आतड्यातून यकृताकडे जाते. तेथे मेटॅलोथायोनीन हे प्रथिन, जे १९५७ साली घोड्याच्या मूत्रपिंडात प्रथम आढळले, धातूला बांधून ठेवते. मात्र आवक त्याच्या आवाक्याबाहेर गेली की पेशींचा ऱ्हास सुरू होतो.

रोहूच्या यकृताचा सुमारे ५ मायक्रोमीटर जाडीचा काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर निरोगी ऊतीत गुलाबी, बहुकोनी पेशी, प्रत्येकीत गोल निळे केंद्रक आणि पेशींमधून गेलेल्या रक्ताच्या अरुंद वाटा दिसतात. धातूने ग्रासलेल्या यकृतात पेशी फुगून त्यांत पोकळ्या पडलेल्या, केंद्रके आकसून गडद झालेली, वाटा रुंदावून रक्ताने तुंबलेल्या आणि जागोजागी मृत पेशींचे पुंजके आढळतात. असेच व्रण कीटकनाशकांनीही होतात, म्हणून कापाबरोबर यकृतातील धातूचे मोजमापही अगत्याचे ठरते. मादीच्या अंड्यांतील बलकाचे पूर्वद्रव्य यकृतातच घडत असल्याने ही हानी पुढच्या पिढीपर्यंत पोहोचते, आणि मला तीच सर्वांत गंभीर वाटते.

कॅडमियम मांसापेक्षा यकृतात व मूत्रपिंडात कितीतरी अधिक साचते, तेव्हा नदीचा मासा साफ करताना पोटातील सर्व भाग काढून टाकणे इष्ट. पारा मात्र मांसातच मुरतो आणि त्यावर हा उपाय चालत नाही. म्हणूनच महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या प्रदूषण नियंत्रण मंडळांनी पाण्याच्या नमुन्याबरोबर जिवंत पकडलेल्या माशांची यकृतेही उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर तपासावीत, व त्यांचा अहवाल नदीकाठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीला मराठीत आणि कन्नडमध्ये द्यावा.