इंजिनिअरिंगला ‘पर्यावरण’ हा विषय कशाला? शिरोड्याच्या मिठागरावर उभं राहून बघा

इंजिनिअरिंगला ‘पर्यावरण’ नावाचा एक विषय असतो. आदल्या रात्री वाचून पास व्हायचा विषय, अशीच त्याची ओळख. एआयसीटीईच्या २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात तो सक्तीचा आहे, पण त्याला क्रेडिट नाहीत. मग तो ठेवलाय तरी कशाला?

हा विषय आला कुठून?

कोर्टातून. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी पर्यावरण शिक्षण सक्तीचं करण्याचे निर्देश दिले. अंमलबजावणी रखडली, तेव्हा २००३ मध्ये न्यायालयाने पुन्हा बजावलं. यूजीसीने सगळ्या शाखांच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी ५० तासिकांचा अभ्यासक्रम केला. त्याचं पाठ्यपुस्तक लिहिलं पुण्याच्या डॉ. एरच भरूचा यांनी.

या ५० पैकी ५ तासिका फील्डवर्कच्या आहेत. बऱ्याचदा हाच भाग जुन्या जर्नलमधून उतरवला जातो. आणि नेमका तोच सगळ्यात कामाचा आहे.

शिरोड्यात काय बघायचं?

वेंगुर्ला तालुक्यातलं शिरोडा मे १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहामुळे सगळ्यांना माहीत आहे. तिथलं मिठागर म्हणजे उन्हावर आणि वाऱ्यावर चालणारा कारखाना. भरतीचं पाणी बांधाच्या आत घ्यायचं, उथळ वाफ्यांतून पुढे सरकवत आटवायचं. १००० लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ किलो क्षार असतात. त्यातलं जवळपास ९०० लिटर पाणी उडून गेलं की मीठ धरायला लागतं.

या कारखान्याचा कच्चा माल कुंपणाबाहेरून येतो. म्हणजे बाहेर कुणी काय बांधलं, यावर आतलं मीठ अवलंबून आहे. दोन उदाहरणं घेऊ.

पहिलं : रस्त्याखालची मोरी

समजा, खाडीकाठच्या दलदलीतून रस्ता न्यायचाय. पावसाचं पाणी वाहून जाईल एवढा पाइप टाकला, हिशेब बरोबर आला. पण इथे पाणी एकाच दिशेने जात नाही. भरती-ओहोटीचं पाणी दिवसातून दोनदा आत येतं आणि दोनदा बाहेर जातं. पाइप अरुंद असेल तर रस्त्याच्या आतल्या बाजूला पुरेसं खारं पाणी पोचत नाही, आणि पावसात साचलेलं लवकर निघत नाही. कांदळवनाची झाडं चिखलातून वर आलेल्या मुळांनी श्वास घेतात. ती मुळं सतत बुडून राहिली की झाड मरतं. कुणी कुऱ्हाड न चालवताही कांदळवन जातं.

दुसरं : किनाऱ्यावरची बोअरवेल

किनाऱ्यालगत जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण ते हलकं असतं. गोड्या पाण्याची घनता १.०००, समुद्राच्या पाण्याची साधारण १.०२५. या फरकावरून येणारं गणित घायबेन-हर्झबर्ग सूत्र म्हणून शिकवतात. भूजलाची पातळी समुद्रसपाटीच्या १ मीटर वर असेल, तर खाली साधारण ४० मीटरपर्यंत गोडं पाणी असतं.

आता हेच उलटं वाचा. उपसा करून पातळी १ मीटरने कायमची खाली नेली, तर खारं पाणी ४० मीटर वर सरकू शकतं. प्रत्यक्षात रेती-दगडानुसार आकडा बदलतो, पण दिशा तीच. बोअरवेल एका हॉटेलची असते, खारट होते ती शेजारच्या वाडीतली विहीर. आणि एकदा खारट झालेली विहीर सहजासहजी गोडी होत नाही.

मग कायदे कशाला आहेत?

कायदे आहेतच. किनाऱ्यावर सीआरझेडची अधिसूचना १९९१ पासून आहे, तिची सध्याची आवृत्ती २०१९ ची. सप्टेंबर २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभरात कांदळवन तोडायला बंदी घातली आणि त्याभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यात बांधकामाला मनाई केली.

पण कायदा सांगतो, कुठे बांधायचं नाही. पाइप किती रुंद टाकायचा, पंप किती तास चालवायचा, हे ड्रॉइंगवर सही करणारा इंजिनिअर ठरवतो. त्याने हिशेबाची हद्द प्लॉटच्या कुंपणापाशी संपवली, तर त्याचं गणित बरोबर येतं आणि शेजारच्याची विहीर जाते. ही हद्द कुठवर धरायची, तेच शिकवायला हा विषय आहे.

त्यामुळे पुढचं फील्डवर्क उतरवून काढू नका. किनाऱ्यावरचं कुठलंही गाव निवडा आणि तीन गोष्टी नोंदवा : भरती कुठवर येते, तिच्या वाटेत किती मोऱ्या आहेत आणि त्या किती रुंद आहेत, आणि मे महिन्यात कुणाच्या विहिरीचं पाणी मचूळ लागतं. शेवटचं उत्तर मोजपट्टीने मिळणार नाही. त्यासाठी घरोघरी जाऊन विचारावं लागेल.