छात्राध्यापक आणि वर्गाची शिस्त

अध्यापक महाविद्यालयातील सूक्ष्म अध्यापनाचा पाठ पाच-सहा मिनिटांचा असतो आणि विद्यार्थी म्हणून समोर बसतात ते बहुधा सहाध्यायीच. तेथे गलबला होत नाही. वर्ग सांभाळण्याची खरी परीक्षा सरावपाठासाठी शाळेत पाऊल टाकल्यावरच होते. पाठ टाचण कितीही नेटके असो, फळ्याकडे तोंड करून लिहीत राहिले की मागच्या बाकांवर कुजबुज सुरू होते. अनुभवी शिक्षक तिरका उभा राहून लिहितो, प्रश्न साऱ्या वर्गाला विचारतो आणि क्षणभर थांबून मग एकाचे नाव घेतो. नाव आधी घेतले की उरलेले सारे निश्चिंत! खोड्या करणाऱ्या मुलाच्या बाकाजवळ जाऊन शिकवणे चालू ठेवले, तर पुष्कळदा रागवावेही लागत नाही.

छडीचा मार्ग कायद्यानेच बंद केला आहे. बालकांच्या शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या कलम १७ अन्वये शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंना मनाई आहे. चारचौघांत मुलाचा पाणउतारा करणेही त्यात बसत नाही.

२०१५-१६ पासून दोन वर्षांच्या झालेल्या बी.एड. अभ्यासक्रमात शाळेतील प्रत्यक्ष अनुभवाला वीस आठवडे मिळाले. त्यातील पहिले काही दिवस छात्राध्यापकाने मुलांची नावे पाठ करण्यात घालवले, तरी ते वाया गेले असे मार्गदर्शकांनी मानू नये.