आर्क्टिकच्या तळाकडे उतरणारा कार्बन

२०१२च्या उन्हाळ्यात ‘पोलारस्टर्न’ हे जर्मन संशोधन-जहाज उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फातून वाट काढत होते. आर्क्टिकवरचा बर्फ त्या वर्षी उपग्रहांच्या नोंदींमधल्या नीचांकाला पोचला होता. अंत्ये बोएटियस यांच्या नेतृत्वाखालील शास्त्रज्ञांनी समुद्रतळाशी कॅमेरा सोडला, आणि सुमारे चार हजार मीटर खोल, जिथे ऊन कधीच पोचत नाही अशा चिखलावर शेवाळाचे गोळे विखुरलेले दिसले. समुद्री काकड्या ते खात होत्या! हे शेवाळ म्हणजे मेलोसिरा आर्क्टिका. बर्फाच्या खालच्या अंगाला ते लांब झुबक्यांनी लोंबत असते. बर्फ वितळला की सुटून थेट तळ गाठते. मोजणी केली तेव्हा तळावर दर चौरस मीटरला सरासरी ९ ग्रॅम कार्बन या मार्गाने येऊन पडलेला आढळला.

हा कार्बन मुळात हवेतला. समुद्राच्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड सूक्ष्म वनस्पती-प्लवक उन्हाच्या बळावर आपल्या शरीरात बांधून घेतात. उत्तरेकडे कित्येक महिने सूर्य उगवतच नाही, त्यामुळे वर्षभराचा हा उद्योग वसंत आणि उन्हाळ्याच्या मोजक्या आठवड्यांत उरकावा लागतो. बर्फाखाली अंधारच असणार, असे पूर्वी मानले जाई. पण २०११च्या जुलैमध्ये चुकची समुद्रात केव्हिन अरिगो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सुमारे मीटरभर जाडीच्या बर्फाखाली प्लवकांचा प्रचंड बहर सापडला. बर्फावर साचलेली वितळपाण्याची तळी प्रकाश खाली सोडणाऱ्या खिडक्यांसारखी काम करत होती.

मात्र बहर आला म्हणजे कार्बन खोल गेला, असे होत नाही. बरेचसे प्लवक वरच्या थरातच खाल्ले जातात किंवा कुजतात, आणि कार्बन पुन्हा पाण्यात व तिथून हवेत परततो. त्याला खाली नेणारे कोणी तरी लागते. कधी हे काम बर्फच करतो. समुद्राचे पाणी गोठताना बर्फाच्या आत जिप्समचे सुईसारखे स्फटिक तयार होतात. वसंतात ते सुटतात, एरवी तरंगत राहणाऱ्या फिओसिस्टिस या शैवालाच्या चिकट पुंजक्यांत अडकतात आणि त्या वजनाने पुंजके बुडतात. २०१५मध्ये नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांच्या उत्तरेला शास्त्रज्ञांनी हे प्रत्यक्ष पाहिले. प्राणी-प्लवकांच्या घट्ट, जड लेंड्याही अशाच खाली जातात.

पण मला सगळ्यांत थक्क करतो तो कॅलॅनस. हा कोळंबीच्या दूरच्या नात्यातला, कोपेपॉड गटातला जीव. त्यातली सर्वांत मोठी जात, कॅलॅनस हायपरबोरियस, तांदळाच्या दाण्याएवढी भरते. उन्हाळ्यात तो शैवाल खाऊन खाऊन अंगातली पारदर्शक पिशवी मेणासारख्या चरबीने भरतो. कोरड्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग चरबीच होतो. मग शेकडो मीटर, काही ठिकाणी हजार मीटरहूनही खोल उतरून कित्येक महिने काहीही न खाता पडून राहतो. त्या काळात चरबी हळूहळू जळते आणि तिच्यातला कार्बन खोल पाण्यातच विरघळतो. हायपरबोरियसची मादी तर ऐन हिवाळ्यात, त्या अंधारात, केवळ साठवलेल्या चरबीवर अंडी घालते. अंडी वर तरंगत येतात आणि नव्या पिढीला वसंताचा बहर गाठता येतो.

या चरबीत नायट्रोजन आणि फॉस्फरस जवळजवळ नसतात. म्हणजे कार्बन खोल जातो, पण वरच्या पाण्यातले खत त्याच्याबरोबर फारसे जात नाही. सिग्रुन योनासदोत्तिर आणि सहकाऱ्यांनी २०१५मध्ये दाखवले, की उत्तर अटलांटिकमध्ये कॅलॅनस फिनमार्किकस ही एकटी जात या मार्गाने जेवढा कार्बन खोल नेते, तो बुडणाऱ्या कणांतून जाणाऱ्या कार्बनच्या तोडीचा आहे. जुन्या हिशेबांत ही वाट धरलेलीच नव्हती.

याच चरबीवर स्वालबार्डचे लिटल ऑक पक्षी पिल्ले वाढवतात आणि बोहेड देवमासे जगतात. आता अटलांटिकचे कोमट पाणी उत्तरेकडे अधिक शिरते आहे आणि त्याच्यासोबत लहान, कमी चरबीचा फिनमार्किकस येतो आहे. स्वालबार्डच्या कोंग्सफियॉर्डमध्ये हा बदल जवळून पाहता येतो. तिथे न्यू-ओलेसुंदला २००८पासून भारताचे ‘हिमाद्री’ केंद्र आहे. २०१४मध्ये त्याच खाडीत ‘इंडआर्क’ ही पाण्याखालची वेधशाळा नांगरली गेली. ती पाण्याचे तापमान, क्षारता आणि प्रवाह नोंदवते. या दोन्हींचा कारभार गोव्यात, वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून चालतो.

आर्क्टिकचा बर्फ किती उरला, हे दर सप्टेंबरला जगभर छापून येते. त्याखाली कोणत्या जातीचा कॅलॅनस किती चरबी घेऊन खोल उतरला, याची नोंदही दरवर्षी तितक्याच निष्ठेने व्हायला हवी.